पार्सलबाबूंची पोथी

स्वतःच्या हाताने स्वतःलाच पार्सल देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नंदुरबार स्टेशनातले आमचे पार्सलबाबू. पुण्याच्या पुस्तकवाल्याकडून न खपलेल्या प्रतींचा गठ्ठा परत आला, की खिडकीवरची गर्दी ओसरेपर्यंत ते त्याला हात लावत नसत. मग बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तपासायचे, शिक्का मारायचे, खुंटीवरचा काळा कोट अंगात घालायचे आणि दाराला वळसा घालून खिडकीच्या बाहेर येऊन उभे राहायचे. बाहेरून खिडकीवर टिचकी मारायचे. आत कोणी नाही हे त्यांना माहीत असायचंच, तरी सभ्य गिऱ्हाइकासारखे थोडं थांबायचे. मग पुन्हा वळसा घालून आत जायचे, कोट काढायचे आणि बाहेरच्या रिकाम्या जागेकडे बघून विचारायचे, ‘नाव काय?’

मी त्याच स्टेशनात तारबाबू होतो. साताऱ्याकडून नोकरीच्या मागे लागून थेट तापीकाठी येऊन पडलेला, एकटा, विशीतला. माझी तारेची खोली आणि त्यांची पार्सलची खोली यांच्यामध्ये एक दार होतं आणि ते कधीच नीट लागत नसे. पलीकडे मिरचीची पोती रचलेली असत. मिरचीचा हंगाम आला की आमच्या फलाटावर गार्डापासून गोसाव्यापर्यंत सगळे शिंकत. मी शिंकत शिंकत तार ठोकायचो आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचा भुसावळवाला वैतागून ‘पुन्हा पाठवा’ म्हणायचा. पार्सलबाबू तेवढे कधी शिंकत नसत. हमाल म्हणत, बाबूंच्या नाकात रेल्वेचं सील मारलंय.

खिडकीच्या त्या खेळाचं कारण मी एकदा न राहवून विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, देणारा आणि घेणारा एकच असला की लबाडी होते, मधे एक खिडकी पाहिजे. एवढं बोलून त्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि ती गुंडाळून खिशात टाकली. सुतळी त्यांनी कधी कापली नाही आणि कधी फेकली नाही. त्यांच्या घरात सगळंच सुतळीने बांधलेलं असे, आणि बांधलेल्या प्रत्येक वस्तूला पत्त्याची चिठ्ठी असे. छत्रीच्या दांड्याला चिठ्ठी होती: पाठवणार, घर, घेणार, स्टेशन. संध्याकाळी निघताना ती उलटी करायचे. डब्यालाही तशीच. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, ‘एक दिवस माझ्याही वेणीला बांधतील.’

आता त्या गठ्ठ्यातल्या मालाविषयी. पार्सलबाबूंनी एक कादंबरी लिहिली होती. आयुष्यात एकच. ती लिहायला त्यांना किती वर्षं लागली ते त्यांनाही सांगता येत नसे, पण छापून आली तेव्हा त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते. कादंबरीचं नाव मी सांगत नाही. ते असं जड आणि गोड होतं की आज ऐकून कोणी हसलं तर मला ते सहन व्हायचं नाही. कथा पुण्यातल्या एका मोठ्या घरातल्या सुनेची होती. वास्तविक बाबूंनी पुणं पाहिलं होतं ते एकदाच, छापखान्याच्या कामापुरतं. कादंबरीतली माणसं मोठमोठ्या वाक्यांत बोलत, आणि चंद्र तर दर प्रकरणात उगवे. पण मधेच एखादं पान असं यायचं की वाचता वाचता मी थांबायचो. सून पहाटे जात्यावर बसली आहे, तिचा हात दुखतो आहे आणि ती तो हात कोणाला दिसू नये म्हणून पदराखाली घेते, एवढंच त्या पानावर होतं. तिथे चंद्र नव्हता.

पुस्तक खपलं नाही. सुरुवातीला बाबूंनी ते मोठ्या उमेदीने सगळीकडे धाडलं. स्वतःच बांधलं, स्वतःच तोललं, स्वतःच गाडीत चढवलं. पण बांधलं ते मिरचीच्या पोत्यांशेजारी बसून. पुण्याच्या दुकानदाराने कळवलं की गिऱ्हाईक पुस्तक उघडून बघतं, दोनदा शिंकतं आणि ठेवून जातं. बाबूंना हे कारण आवडलं. न खपण्याचं यापेक्षा बरं कारण कुठल्या लेखकाला मिळालं असेल? पुढे कित्येक दिवस ते येईल त्याला हे हसत हसत सांगायचे. पण हसण्याच्या शेवटी त्यांचा चेहरा उतरायचा, तो माझ्या खोलीतून दिसायचा.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘माल उत्तम आहे, तारबाबू. पत्ता चुकला.’ पुस्तक म्हणजे पार्सलच, योग्य घरी गेलं की झालं, असं त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून ते सारखे नवे पत्ते शोधत राहायचे. फलाटावर एखादा माणूस छापील कागद हातात घेऊन बसलेला दिसला की बाबू त्याच्या बाकावर जाऊन टेकत. गाडी सुटायची वेळ होई, गार्ड शिट्टी फुंके, आणि खिडकीतून त्या माणसाच्या मांडीवर एक पुस्तक येऊन पडे.

वाचलं म्हणणाऱ्या माणसाची ते परीक्षा घेत. एकच प्रश्न विचारायचे: ‘शेवटी तिच्या हातात काय असतं?’ बहुतेक लोक फूल, पत्र, विषाची पुडी असं काहीतरी ठोकून देत. मी पुस्तक खरंच शेवटपर्यंत वाचलं होतं. वाचायला दुसरं काही नव्हतं हे एक, आणि बाबूंच्या घरचं जेवण मला प्रिय होतं हे दुसरं. मी म्हणालो, ‘बोचकं.’ शेवटच्या पानावर ती सून कपड्यांचं बोचकं घेऊन दारात बसते आणि कादंबरी संपते.

बाबू माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, ‘बरोबर. आणि का बसते?’

मी त्या वेळी चार नवी पुस्तकं वाचलेला माणूस. म्हणालो, ती त्या घराचा त्याग करून स्वतंत्र आयुष्याकडे निघाली आहे. बाबूंनी ‘हं’ केलं आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं. माझं उत्तर त्यांना आवडलं नाही एवढं कळलं. पण बरोबर उत्तर कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुण्याच्या एका मासिकात त्या पुस्तकावर चार ओळी आल्या होत्या. त्यातही लिहिलं होतं की शेवट उमजत नाही, नायिका दारात बोचकं घेऊन का बसते याचा काहीही खुलासा लेखकाने केलेला नाही. ते मासिक बाबूंनी सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलं होतं. पत्त्याची चिठ्ठी मात्र त्याला नव्हती.

परत आलेल्या गठ्ठ्यांनी घर भरत चाललं. दोन खोल्यांचं घर, त्यात गठ्ठे, आणि गठ्ठ्यांना मिरचीचा खाट. शेवटी वहिनींनी मनावर घेतलं. त्यांनी बाजारातून लाल खारव्याच्या जाड कापडाचा तागा आणला, पानापानांत कडुलिंबाचा सुकलेला पाला घातला आणि एकेक प्रत खारव्यात शिवून टाकली. कसर लागू नये आणि नाकाला झोंबू नये, एवढाच हेतू. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी ते पुस्तक वाचलं होतं का, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. त्याविषयी त्या कधी बोलत नसत.

लग्नसराई आली. पार्सलबाबूंना गावोगावची आमंत्रणं असत, कारण मिरचीवाले, केळीवाले, कापूसवाले सगळ्यांचा माल त्यांच्या हातून जाई. बाबूंनी आहेर म्हणून पुस्तक द्यायचं ठरवलं. वहिनी म्हणाल्या, शुभकार्यात वस्तू कोरडी देऊ नये. म्हणून त्या प्रत्येक लाल पुडक्याला हळदकुंकवाची बोटं लावून देऊ लागल्या. आता तुम्हीच सांगा, लाल खारव्यात शिवलेली, कडुलिंबाचा पाला घातलेली, हळदकुंकू लावलेली वस्तू मांडवात हातात पडली तर आपल्याकडचा माणूस काय समजेल?

गौप्यस्फोट झाला तो बाजारातल्या एका मारवाडी शेटजींच्या दुकानात. बिल्टीच्या कामासाठी बाबू आणि मी तिथे गेलो होतो. गादीमागच्या कोनाड्यात गणपती, लक्ष्मी आणि मधोमध आमची कादंबरी, फूल वाहिलेली. शेटजी हात जोडून म्हणाले, ‘बाबूजी, आपली पोथी घरात आल्यापासून मिरचीचा भाव उतरलेला नाही. जावईबापूंसाठी एक आणखी मिळाली तर बरं होईल.’ बाबूंनी विचारलं, उघडून पाहिली का? शेटजींनी जीभ चावली. पोथी कोणी असातसा उघडतो का? सोवळं लागतं, बामण लागतो, दिवस बघावा लागतो. रोज उदबत्ती मात्र चुकत नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

परत येताना बाबू रेल्वेच्या फाटकाशी आल्यावर एकदम हसले आणि म्हणाले, ‘शिंक तरी नाही आली कोणाला.’ मीही हसलो. पण मला त्यांचं वाईट वाटलं, आणि ते वाटणं लपवायला मी आणखी मोठ्याने हसलो.

त्यानंतर मागणी सुरू झाली. ज्या पुस्तकाला पुण्यात कोणी विचारलं नाही ते मागायला माणसं खिडकीशी येऊ लागली. बाबू प्रत्येकाला विचारत, ‘वाचणार का?’ ‘पूजा करू’ असं उत्तर यायचं. बाबू थोडे घुटमळायचे आणि द्यायचे. पैसे घेत नसत. तापीच्या अलीकडे आणि पलीकडे, शहाद्याच्या अंगाला म्हसावदपर्यंत, घराघरांच्या देव्हाऱ्यात ती लाल पुडकी जाऊन बसली. घर मोकळं झालं. वहिनींनी भिंती सारवून घेतल्या. बाबूंना त्या मोकळ्या खोलीत करमेना, ते स्टेशनातच उशिरापर्यंत बसू लागले.

मग एका श्रावणात कोरीटहून निरोप आला. तिथल्या एका गुजर पाटलांच्या घरी बाबूंनी नातवाच्या लग्नात पुस्तक दिलं होतं. त्यांची केळी आमच्या स्टेशनातून जायची. त्या घरची म्हातारी, सगळं गाव जिला मोठी माय म्हणे, तिने गाडी धाडली होती. म्हणणं असं की पोथी घरात येऊन दोन पावसाळे झाले, ती मुकी बसली आहे हे बरं नाही, श्रावण आहे तर बाबूंनी येऊन वाचून दाखवावी. बाबूंच्या तोंडचं पाणी पळालं. छापखान्याची ती पुण्याची फेरी सोडली तर जन्मात कधी रजा न घेतलेला माणूस माझ्या खोलीत येऊन विचारू लागला की तारबाबू, जाऊ का? खरं सांगितलं तर म्हातारीच्या देव्हाऱ्याचा अपमान, न सांगावं तर देवाची थट्टा. मी म्हणालो, जन्मभर वाचक शोधताय आणि वाचक गाडी धाडतोय तर नाही म्हणता? हे त्यांना पटलं. त्यांनी आठवडाभराची रजा टाकली आणि पाटलांची गाडी त्यांना रोज न्यायला-पोचवायला येऊ लागली.

शेवटच्या दिवशी माझी पाळी नव्हती, म्हणून त्यांच्या गाडीत बसून मीही गेलो. काळ्या मातीचा चिखल चाकांना चिकटत होता आणि गाडीवान वाटेत दोनदा उतरून काठीने तो खरवडत होता. बाबू एवढंच म्हणाले की पुस्तकातलं पुणं ते आता गाळतात, बायकांना कंटाळा येतो.

दुपारची कामं आटोपून बायका ओसरीवर जमल्या होत्या. कोणी वाती वळत होत्या, कोणी मांडीवरचं पोर थोपटत होत्या. समोर पाट, पाटावर उघडलेला लाल खारवा, शेजारी समई आणि रेल्वेचा काळा कोट घातलेले पार्सलबाबू. त्यांनी एक ओळ वाचली, अडखळले, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि अहिराणीत सांगायला लागले. तेव्हा मला समजलं की आठवडाभर हेच चाललं होतं. छापलेली ती जड वाक्यं त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. जात्यावरचा दुखरा हात, पदराखाली घेतलेला, तो आला तेव्हा एका बाईने स्वतःचा हात नकळत पदराखाली घेतला. मी ती कादंबरी वाचलेली होती, पण त्या दिवशी मला ती पहिल्यांदा कळली. एवढं चांगलं सांगणाऱ्या माणसाने ते तसंच का लिहिलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

शेवट आला. सून बोचकं बांधते आणि दारात येऊन बसते. बाबू थांबले. बायका आरतीसाठी उठतील असं मला वाटलं. कोणी उठलं नाही.

मोठी माय भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, ‘कोनता महिना व्हता?’

‘वैशाख,’ बाबू म्हणाले.

‘मंग आखाजी व्हती. भाऊनी वाट देखी ऱ्हायनी ती.’

साऱ्या बायकांनी माना हलवल्या. त्यात समजावून सांगण्यासारखं कोणाला काही वाटलंच नाही. मला मात्र शेजारच्या पाटलांना विचारावं लागलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, आणि आपल्या आपण येत नाहीत, भाऊ गाडी घेऊन न्यायला जातो. बाई आधीपासून बोचकं बांधून ठेवते. दारात बसते. पुण्याच्या मासिकाला आणि मला जे उमजलं नव्हतं ते कोरीटच्या ओसरीवर झोपाळलेल्या पोरींनाही ठाऊक होतं.

मोठ्या मायने पुढचं विचारलं, आणि ते विचारताना तिच्या आवाजात राग होता. ‘भाऊ काब्र उना नही?’ का नाही आला?

बाबूंनी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात भाऊ नव्हता. कादंबरीतली सून एकुलती एक, आईबापांवेगळी होती, हे पहिल्याच पानावर लिहिलं होतं. बाबूंना तेवढं सांगून मोकळं होता आलं असतं.

‘तेले नवी नोकरी लागेल व्हती,’ ते म्हणाले. ‘रेल्वेमा. बहिनले लेवाले जावानं, असं साहेबले सांगाले लाज वाटनी. पत्र धाडं, पुढला साले येसू म्हनीसन.’ बहिणीला न्यायला जायचंय हे साहेबाला सांगायची लाज वाटली, म्हणून पुढच्या वर्षी येतो असं पत्र.

‘मंग?’

‘तिले वाचता ये नही.’

बाबू खाली बघून सांगत राहिले. सासरच्यांनी पत्र तिला वाचून दाखवलं नाही. आखाजी सरेपर्यंत ती दारात बसत राहिली, आणि त्याच पावसाळ्यात तापाने गेली. आता ते भावाऐवजी ‘मी’ म्हणत होते. तिच्या सासरहून त्यांना कळवलं गेलं ते सगळं आटोपल्यावर. बोचकं तसंच बांधलेलं होतं, ते त्यांना दिलं. ते कोणत्या सुतळीने बांधलं होतं, तेही त्यांनी सांगितलं.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. इतकी वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या चिठ्ठ्यांना हसलो. त्यांना एक बहीण होती हे मला माहीत नव्हतं. सारं पुस्तक त्यांनी तिच्यासाठी लिहिलं आणि त्यातून स्वतःलाच गाळलं. मग ते पुस्तक खपेना म्हणून मिरचीला बोल लावत राहिले.

बाबूंनी पुस्तक पुढे सरकवलं. ही पोथी नाही, माय, असं काहीतरी ते पुटपुटले. म्हातारी उठली. तिने पुस्तक पुन्हा खारव्यात गुंडाळलं, त्याच्यावर तांदळाची मूठ ठेवली.

‘माले समजनं,’ ती म्हणाली. ‘हाई तुन्ही बहिन शे. आखाजीले गाडी लई ये. मी तिन्ही तयारी करी ठेवसू.’ ही तुझी बहीण आहे, आखाजीला गाडी घेऊन ये, मी तिची तयारी करून ठेवीन.

गाडीत बसल्यावर बाबू म्हणाले, ‘तारबाबू, पत्ता बरोबर होता. मालच कमी भरला होता.’ हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि ते दुसरं, जुनं वाक्यही नाही.

पुढच्या आखाजीला पार्सलबाबूंनी साहेबाकडे रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं: बहिणीस आणावयास जाणे. साहेब म्हणाला, तुम्हाला बहीण आहे? बाबू म्हणाले, आहे. छत्री, खण, साखर घेऊन ते भाड्याच्या गाडीने कोरीटला गेले. मोठ्या मायने पुस्तकाची ओटी भरली, ताजी गोड सांजोरी बांधून दिली आणि वेशीपर्यंत पोचवायला आली. मी बाबूंच्या दारात थांबलो होतो. बाबू गाडीतून उतरले तेव्हा ते लाल पुडकं त्यांनी दोन्ही हातांवर घेतलं होतं आणि गाडीवानाने वर छत्री धरली होती. छत्रीला चिठ्ठी नव्हती. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर घालायचं पाणी उंबऱ्यावरच घातलं आणि म्हणाल्या, ‘ये माय. घर तुन्हंच शे.’ मग त्या आत जाऊन खूप रडल्या. त्यांनी पुस्तक वाचलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर दर आखाजीला बाबू एका गावी जात. जी पुस्तकं घरातून जावीत म्हणून त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता, ती आता एकेक करून परत आणत. वर्षाला एकच. मी सुचवून पाहिलं की रविवारी जाऊन दहा घरं उरकता येतील. त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. लेकीला कोणी आडदिवशी आणतं का? शिवाय प्रत्येक घरी बसावं लागे, सगळं सांगावं लागे, तिथल्या बायकांचा तोच प्रश्न ऐकावा लागे आणि त्याला तेच उत्तर द्यावं लागे. पुस्तक कोणी वाचलं नाही, पण ती गोष्ट बाजारहाटाला येणाऱ्या बायकांनी गावोगाव नेली. देव्हाऱ्यातल्या पोथीला सगळे ‘बाबूनी बहीन’, बाबूंची बहीण, म्हणू लागले. लोक वाट बघू लागले, की आमच्याकडे कधी येणार.

मग लढाई सुरू झाली, तारेची कामं वाढली आणि माझी बदली भुसावळला झाली. निरोप द्यायला बाबू फलाटावर आले होते. मी म्हटलं, पुन्हा लिहा, बाबू, त्या दिवशी सांगितलं तसं, तुमच्या बोलीत लिहा. ते म्हणाले, लिहून काय, तिला वाचता कुठे येत होतं? दोन-तीन वर्षांनी वहिनींनी कळवलं की ते गेले. रजेच्या अर्जावर सही झाली होती, आखाजी तोंडावर आली होती, आणि त्यांनी छाती धरली. त्या वर्षी कोणत्या गावी जायचं ठरलं होतं, ते वहिनींनी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच उन्हाळ्यांनी माझ्या हाताखालच्या एका माणसाच्या घरच्या कामासाठी मला म्हसावदला जावं लागलं. आखाजीचा दिवस होता हे माझ्या ध्यानातही नव्हतं. गावाबाहेरच्या निंबाला झोके टांगलेले, माहेरवाशिणी गात होत्या, घराघरात आमरसाचा वास. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या शेजारच्या ओट्यावर, दाराच्या अगदी कडेला, एक पाट मांडला होता. पाटावर नारळ, खण आणि विटलेल्या खारव्यातलं एक पुडकं. मी बघतच उभा राहिलो.

घरची बाई बाहेर आली. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, बाबूनी बहीन शे. दर आखाजीला सकाळी देव्हाऱ्यातून काढून इथे मांडते आणि सांजेला परत आत नेते. म्हणाली, तापीपल्याड बऱ्याच घरी बाबू येऊन गेले असं ऐकलं, आमचं गाव लांब पडतं, त्यांना सवड झाली नसेल. मग माझ्या अंगावरचा रेल्वेचा कोट तिला दिसला आणि तिचा चेहरा उजळला.

‘तुमले तेनी धाडं का?’

त्यांनी पाठवलं का मला? हो म्हणावं असं फार वाटलं. पण मी तिचा भाऊ नव्हतो. मी सांगितलं की पार्सलबाबू आता नाहीत, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

बाईने पदर डोक्यावर घेतला. खाली वाकून तिने ते पुडकं उचललं, पदराने पुसलं आणि आत न्यायला वळली. उंबऱ्याशी थांबली. रस्त्याकडे एकदा पाहिलं, आणि पुडकं पुन्हा पाटावर ठेवलं.

‘सांज तं व्हऊ द्या,’ ती म्हणाली. ‘आखाजी आजून सरनी नही.’

माझं काम उरकलं होतं आणि परतीची गाडी जुंपून तयार होती. मी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं आणि पाटाशेजारी ओट्यावर बसून राहिलो.